पंचवीस वर्षांची सुट्टी आणि उद्याचा भरवसा
पॉइंट-सभासदत्वाच्या करारांचा शरीअतच्या प्रकाशात विचार

पवित्र कुरआनमधील सूरह लुकमानची अखेरची आयत (31:34) माणसाला त्याच्या ज्ञानाची मर्यादा दाखवून देते. उद्या आपण काय कमावणार हे कोणालाही ठाऊक नाही आणि आपला मृत्यू कोणत्या भूमीत होणार हेही ठाऊक नाही, असा तिचा आशय आहे. ही आयत आपल्याला जनाज्याच्या प्रसंगी आठवते; करारावर सही करताना क्वचितच आठवते. वास्तविक पंचवीस वर्षांचा करार समोर असतो तेव्हा तिच्याइतका समर्पक उपदेश दुसरा नाही.

असा एक करार आज आपल्या मध्यमवर्गीय घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. मॉलमध्ये एक चिठ्ठी भरून घेतली जाते. काही दिवसांनी फोन येतो की आपल्याला भेट मिळाली आहे, पती-पत्नी दोघांनी मिळून अमुक हॉटेलात यावे. तेथे दीड-दोन तास सुंदर छायाचित्रे दाखवली जातात, मुलांच्या आनंदाचा विषय निघतो आणि शेवटी सांगितले जाते की ही सवलत फक्त आजच्यापुरती आहे. दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतील, ते खर्च करून कोणत्याही रिसॉर्टमध्ये राहता येईल, जणू सुट्टीची ‘मालकी’च मिळेल.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. हा व्यवहार जायज आहे काय? आणि जायज असला तरी आपण त्यात पडावे काय? पुष्कळ लोक पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न विसरतात.

विकले जाते ते काय?

सुट्टीच्या निवासाची अशी वाटणी युरोपात 1960च्या दशकात सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील हापिमाग या संस्थेने 1963 पासून पॉइंटवर आधारित पद्धत आणली. अमेरिकेत डिस्ने व्हेकेशन क्लबने 1991 मध्ये ठरावीक आठवड्याऐवजी पॉइंटचीच पद्धत स्वीकारली. आठवड्याच्या पद्धतीत अमुक घर, अमुक सप्ताह असे ठरलेले असते. पॉइंटच्या पद्धतीत सभासदाच्या खात्यावर दरवर्षी काही पॉइंट जमा होतात आणि हंगाम, खोलीचा आकार व ठिकाण यांनुसार एका रात्रीला किती पॉइंट लागतील हे एका तक्त्यात दिलेले असते.

आपल्या देशातील बहुतेक करारांत जमिनीची वा इमारतीची मालकी मिळत नाही. ठरावीक वर्षे राहण्याचा हक्क मिळतो. इस्लामी विधिशास्त्रात यास ‘मनफअत’, म्हणजे वस्तूचा उपभोग, असे म्हणतात आणि मोबदला देऊन तो घेण्याच्या व्यवहारास ‘इजारा’ म्हणतात. म्हणून ‘मालकी’ या शब्दाने भारावून जाऊ नये. आपण घर विकत घेत नसून पुढील अनेक वर्षांचे भाडे आगाऊ भरत आहोत, हे आधी मनाशी स्पष्ट असावे.

मूळ व्यवहाराचा हुकूम

एका वस्तूचा उपभोग अनेकांनी पाळीपाळीने घेणे शरीअतला अपरिचित नाही. ह. सालेह (अ.) यांच्या वृत्तांतात उंटिणीची पाणी पिण्याची पाळी आणि लोकांची पाळी वेगळी ठरवून दिल्याचा उल्लेख सूरह शुअरामध्ये (26:155) आला आहे. अशा पाळीच्या वाटणीस फुकहांनी ‘मुहायआ’ असे नाव दिले.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 2007 साली मलेशियातील पुत्रजया येथे भरलेल्या अठराव्या अधिवेशनात या विषयाचा विचार केला. वास्तूचा सामाईक हिस्सा खरेदी करणे किंवा तिच्या उपभोगाचा हिस्सा ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेणे आणि तो पाळीने वापरणे यात तत्त्वतः हरकत नाही. मात्र खरेदीचे व इजाराचे शरई नियम पाळले गेले पाहिजेत, असा तिच्या निर्णयाचा सारांश आहे. हिस्सेदारांनी आपसात पाळ्यांची अदलाबदल करण्यासही तिने मुभा दिली. मक्केत हरमलगतच्या अब्राज अल-बैत संकुलातील झमझम टॉवरमध्ये निवासाचे हक्क ‘सुकूक अल-इन्तिफा’ या नावाने 24 वर्षांच्या मुदतीसाठी विकले गेले, ते याच तत्त्वावर.

तेव्हा हा प्रकार मुळातच हराम आहे असे म्हणणे योग्य नाही. दोष असेल तर तो करारातील अटींत असतो. म्हणून अटी तपासणे अनिवार्य ठरते.

तपासण्याच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट अनिश्चिततेची. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘गरर’ असलेल्या, म्हणजे ज्यात काय मिळणार हेच अंधारात आहे अशा विक्रीस मनाई केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. इजारात उपभोग आणि मोबदला दोन्ही माहीत असावे लागतात. पॉइंट ही केवळ मोजण्याची खूण आहे. तिची किंमत तक्त्यावर अवलंबून असते. आज शंभर पॉइंटला चार रात्री मिळतात, पण कंपनीला स्वतःच्या मर्जीने तक्ता बदलता येत असेल तर दहा वर्षांनी दोनच रात्री मिळतील. मग आपण खरेदी केले ते काय? करारात तक्त्याला काही मर्यादा आहे काय, ईदच्या व मे महिन्याच्या सुट्टीत खोली मिळण्याची हमी आहे काय, न वापरलेले पॉइंट केव्हा बाद होतात, हे लेखी असावे. तोंडी आश्वासन करारात नसेल तर ते नाहीच असे समजावे. सूरह बकराच्या दीर्घ आयतीत (2:282) देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद याचसाठी आहे.

वार्षिक देखभाल शुल्काचेही असेच. अकादमीच्या निर्णयात भेद केला आहे: ज्या दुरुस्तीवाचून राहणेच अशक्य, ती इजारात मालकाच्या माथी, नित्याच्या देखभालीचा खर्च भाडेकरूवर घालता येतो. शुल्क किती आणि कोणत्या प्रमाणाने वाढणार याला काही बंधन नसेल, तर मोबदलाच अज्ञात राहतो.

दुसरी गोष्ट व्याजाची. रोख किंमत कमी आणि हप्त्यांची किंमत जास्त, पण सही करतानाच एक रक्कम कायम ठरली व उशीर झाला तरी ती वाढणार नाही, अशी विक्री बहुसंख्य फुकहांच्या मते जायज आहे. परंतु पुष्कळदा विक्रेता एक आणि हप्त्यांसाठी कर्ज देणारी संस्था दुसरी असते. तेथे आपण व्याजाचे कर्जच घेत असतो, मग त्याला नाव कोणतेही दिलेले असो. शुल्कास उशीर झाल्यास टक्केवारीने आकार वाढण्याची अटही व्याजाचीच अट आहे. वेळेवर भरण्याचा निश्चय असला तरी अशा अटीवर सही करणे टाळावे. सुट्टीसारख्या गोष्टीसाठी व्याजाचा दरवाजा उघडण्यास कोणतीही निकड नसते.

तिसरी गोष्ट घाईची. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. एक सहाबी खरेदी-विक्रीत वारंवार फसत असत. प्रेषितांनी (स.) त्यांना शिकवले की सौदा करताना ‘फसवणूक नको’ असे स्पष्ट सांगावे. अन्य रिवायतींत त्यांना तीन दिवसांची मुभा दिल्याचाही उल्लेख आहे. इमाम अबू हनीफा (रह.) व इमाम शाफई (रह.) यांनी अटीने ठेवलेल्या माघारीच्या हक्काची मुदत तीन दिवस मानली, ती याच आधारे. आजचे कायदेही हेच ओळखतात. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार अशा करारातून चौदा दिवसांत विनाकारण माघार घेता येते आणि त्या काळात विक्रेत्याला पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडील काही करारांतही दहा दिवसांची मुभा असते. तिची तारीख व रीत आधी वाचावी. जी सवलत तीन दिवस थांबू शकत नाही, ती सोडून देण्यातच हित आहे.

एक साधा हिशोब

समजा, सभासदत्वाचे चार लाख रुपये, वार्षिक शुल्क वीस हजार आणि त्यात दरवर्षी सहा टक्के वाढ. पंचवीस वर्षांत केवळ शुल्कापोटी सुमारे 10 लाख 97 हजार रुपये जातील. एकूण झाले जवळजवळ पंधरा लाख. दरवर्षी न चुकता सात रात्री राहिलात तर 175 रात्री, म्हणजे प्रत्येक रात्र सुमारे साडेआठ हजारांना पडली. पण आजारपण, मुलांच्या परीक्षा, नोकरीतील बदली यांमुळे पंधराच वर्षे जाता आले, तर तीच रात्र सव्वाचौदा हजारांची होते. प्रवास आणि जेवण वेगळेच. हॉटेलचे भाडेही वाढत जाते हे खरे. म्हणून ज्या कुटुंबाला दरवर्षी जाणे निश्चित आहे, त्याला फायदा होऊ शकतो. प्रश्न एवढाच की हे ‘निश्चित’ आपण कशाच्या बळावर म्हणतो?

आपल्यानंतर काय?

मृत्यूनंतर कराराचे काय होते, हा प्रश्न विक्रीच्या सभेत कोणी विचारत नाही. हनफी मतानुसार दोन पक्षांपैकी एकाच्या मृत्यूने इजारा संपतो. शाफई मतानुसार तो मुदतीपर्यंत वारसांकडे चालू राहतो. महाराष्ट्रात बहुसंख्य मुस्लिम हनफी असले तरी कोकणातील आपले बांधव शाफई आहेत. म्हणून दोन्ही मते ध्यानी ठेवावीत आणि करारात मृत्यूविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. थकलेले शुल्क हे कर्ज आहे आणि वारसांत वाटणी होण्यापूर्वी कर्ज फेडावे लागते (4:11). प्रेषित (स.) जनाज्याची नमाज पढवण्यापूर्वी मृताच्या डोक्यावर कर्ज आहे काय, असे विचारीत. एकदा ह. अबू कतादा (रजि.) यांनी मृताचे कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी (स.) नमाज पढवली. मुलांना सुट्टीचा वारसा देण्याच्या नादात थकबाकीचा वारसा देऊ नये.

अग्रक्रम

प्रवास वा विश्रांती निषिद्ध नाही. कुटुंबाला आनंद देणे हेही पुण्याचे काम आहे. सूरह फुरकानमध्ये (25:67) रहमानच्या दासांचे लक्षण सांगितले आहे की ते खर्चात उधळेपणा करीत नाहीत आणि कंजूषपणाही करीत नाहीत. पण ज्याच्याजवळ चार लाख रुपये शिल्लक आहेत आणि ज्याने अद्याप फर्ज हज केलेला नाही, त्याने आधी स्वतःस विचारावे की हज तर आपल्यावर फर्ज झाला नाही ना? जुने कर्ज, पत्नीचा राहिलेला महर, मागील वर्षांची जकात, यांचा क्रम सुट्टीच्या आधी लागतो.

आपल्यातील काही तरुण अशा योजना विकण्याचे काम करतात. त्यांनी धान्याच्या राशीची हदीस आठवावी. वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले दिसले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला ओले वर का ठेवले नाही असे विचारले आणि फसवणुकीचा तीव्र निषेध केला. वाढणारे शुल्क न सांगणे म्हणजे ओले धान्य तळाशी ठेवणेच होय.

निर्णयाची रीत

सभेत सही करू नये आणि आगाऊ रक्कमही देऊ नये. कराराची प्रत घरी आणावी. पत्नी व जाणत्या मुलांशी मसलत करावी, एखाद्या आलिमला आणि हिशोब जाणणाऱ्याला ती दाखवावी. मग इस्तिखारा करावा. व्याज असेल किंवा तक्ता व शुल्क कंपनीच्या मर्जीवर असेल, तर नकार द्यावा. अटी स्वच्छ असतील, कर्ज नसेल, फर्ज पूर्ण झाले असतील आणि दरवर्षी जाणे खरोखर घडत असेल, तर घेण्यास हरकत नाही. शंका उरल्यास ज्या वर्षी जायचे त्या वर्षीचे भाडे भरून जाणे केव्हाही सोपे. आणि एकदा सही केली की दिलेला शब्द पाळणे बंधनकारक आहे, कारण वचनाविषयी जाब विचारला जाणार आहे (17:34).

अल्लाह आपल्या कमाईत व खर्चात बरकत देवो आणि ज्या उद्याचा भरवसा नाही, त्या उद्याचे ओझे आज उचलण्यापासून आपले रक्षण करो. आमीन.