दोन नर गिनी पिगांची भांडणं

प्रश्न : आमचे चार महिन्यांचे दोन नर गिनी पिग एकाच पिंजऱ्यात राहतात. हल्ली सारखे भांडतात. वेगळे करावेत का?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : या वयात नर वयात येतात आणि वरचढ कोण, हे ठरेपर्यंत कुरबुरी चालतात. घुरघुरणं, पाठलाग, अंगावर चढणं एवढ्यासाठी जोडी तोडू नका. दात वाजवत केस फुलवले, तर सावध व्हा. रक्त निघालं किंवा एक जण दुसऱ्याला खाऊच देईना, तर लगेच वेगळं करा. सोडवताना हात घालू नका, जाड टॉवेल टाका. चाव्याच्या जखमेत पू होतो, पशुवैद्यांना दाखवा. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक मनाने पाजू नका, ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

पिंजरा किमान दहा चौरस फुटांचा हवा. खाण्याची भांडी, पाण्याच्या बाटल्या, लपायच्या जागा दोन-दोन ठेवा; लपायच्या जागेला दोन्हीकडून वाट हवी, म्हणजे कोणी कोंडीत सापडत नाही. जवळपास मादी नको. खच्चीकरणाने भांडणं थांबतीलच असं नाही.

तरीही पटलं नाही, तर मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. एकटेपणा टळतो, जखमाही टळतात.