तारुण्यपीटिका : उपचार व त्वचेचे रक्षण

बीड जिल्ह्यातील माध्यमिक शाळांतील अनेक मुलामुलींना तारुण्यपीटिकांचा त्रास होतो. वयपरत्वे तैलग्रंथींचा स्राव वाढतो, रोमरंध्रे बुजतात व तेथे दाह होतो. हा अस्वच्छतेचा दोष नव्हे. चेहरा साबणाने वारंवार घासल्यास पीटिका जात नाहीत. उलट त्वचेचे संरक्षक आवरण क्षीण होऊन कोरड्या उन्हाळ्यात आग वाढते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील उपचार साधाच असावा. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा, तेलविरहित मलमाने ओलावा राखावा आणि वैद्यकीय सल्ल्याने २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड प्रथम एक दिवसाआड लावावे. गुण येण्यास सुमारे दोन महिने लागतात.

गोरेपणासाठी वापरली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे कटाक्षाने टाळावीत. त्यांनी त्वचा पातळ होते व पीटिका बळावतात. अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास केंद्र शासनाने २०१८ साली प्रतिबंध केला. दुकानदारांना व पालकांना याची जाणीव शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी करून द्यावी.

खोल गाठी दिसताच रुग्णास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. विलंबामुळे पडलेले वण आयुष्यभर राहू शकतात.