जलप्रलय, मनूची नौका आणि गीतेतील परंपरा

पूजेच्या अथवा व्रताच्या आरंभी आपण हातात उदक घेऊन संकल्प करतो. गृहस्थ काशीचा असो की रामेश्वराचा, इंदूरचा असो की तंजावरचा, त्याच्या संकल्पात कल्पाच्या नावापाठोपाठ ‘वैवस्वत मन्वंतर’ हा शब्द येतोच. आपण ज्या काळात राहतो तो काळ ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो हा वैवस्वत मनू कोण? महापुरातून वाचलेला तोच हा पुरुष. आणि गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी भगवान ज्याचे नाव घेतात, तोही हाच. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या ऐकतो. त्या एकत्र ठेवून पाहण्याचा योग क्वचितच येतो.

मागे एकदा भागवताच्या आठव्या स्कंधातील मत्स्यावताराचे निरूपण चालू असता एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, “पंडितजी, अशीच कथा बाबिलोनी लोकांच्या विटांवर सापडली आहे, आणि ती आपल्या ग्रंथांहून जुनी आहे, असे आम्हांला शिकवतात. मग आपली कथा उसनी घेतलेली काय?” शेजारी बसलेले त्याचे वडील संतापून म्हणाले, “उसनी त्यांनीच आपल्याकडून घेतली!” मुलाची श्रद्धा डळमळत होती, वडिलांची श्रद्धा रागाच्या आधारावर उभी होती. दोघांनीही त्या कथा शेवटपर्यंत वाचल्या नव्हत्या. म्हणून प्रथम त्या वाचू, मग निर्णयाचे पाहू.

मनुकथेची रूपे

आपल्याकडील या कथेचे सर्वांत जुने सविस्तर रूप शुक्लयजुर्वेदाच्या शतपथ ब्राह्मणात, पहिल्याच कांडात आहे. सकाळची वेळ. मनूला हात धुण्यासाठी पाणी आणून दिले. त्या पाण्याबरोबर एक चिमुकला मासा त्याच्या हातात आला आणि म्हणाला, ‘माझे पोषण कर, मी तुला तारीन.’ कशापासून, असे मनूने विचारताच माशाने येणाऱ्या पुराची वार्ता सांगितली. लहान आहोत तोवर आम्हांला फार भय असते, कारण मासाच माशाला गिळतो, असेही तो म्हणाला. मनूने त्याला आधी घागरीत, मग खणलेल्या खड्ड्यात आणि वाढल्यावर समुद्रात ठेवले. पूर आला तेव्हा मनू नौकेत चढला. माशाच्या शिंगाला दोर बांधला. माशाने नौका उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढून नेली. तेथे एका वृक्षाला ती बांधून, पाणी जसजसे ओसरेल तसतसे खाली उतरण्यास त्याने सांगितले. मनू एकटाच उरला.

महाभारताच्या वनपर्वात हीच कथा मार्कंडेय ऋषी वनवासी युधिष्ठिराला सांगतात. तेथे मनू बदरीक्षेत्री तप करीत आहे. मासा घागरीतून विहिरीत, विहिरीतून गंगेत आणि गंगेतून समुद्रात जातो. नौकेत सप्तर्षी आहेत, सर्व प्रकारची बीजे आहेत. हिमालयाच्या ज्या शिखराला नौका बांधली त्याचे नाव नौबंधन. मत्स्य आपण प्रजापती ब्रह्मा असल्याचे प्रकट करतो. मत्स्यपुराणात आणि भागवतात तो मत्स्य साक्षात विष्णू आहे. भागवतात कथेचा नायक द्रविड देशाचा राजा सत्यव्रत असून मासा त्याच्या ओंजळीत येतो तो कृतमाला नदीवर. हयग्रीव दैत्याने वेद चोरले आहेत. नौकेचा दोर वासुकीचा आहे. विशेष हे की प्रलयजलावर तरंगणाऱ्या त्या नौकेतच भगवान राजाला व ऋषींना आत्मतत्त्वाचा उपदेश करतात. हाच सत्यव्रत पुढे वैवस्वत मनू झाला.

भाषांतर करताना एक शब्द मला नेहमी थांबवतो. शतपथात पुराला ‘औघ’ म्हटले आहे. आपल्या मराठीतला ‘ओघ’ त्याच घराण्यातला. म्हणजे मुळात ही पुराची कथा. विश्वाच्या लयाची, प्रलयाची विशाल कल्पना तिच्यात महाभारत-पुराणांच्या काळी मिसळली. कथा वाढत गेली, पण भ्यालेला चिमुकला मासा हे तिचे बीज सुटले नाही.

पश्चिमेकडील कथा

आता दुसरी बाजू. आजच्या इराक देशातील निनेवे नगरीत, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातील असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयाचे अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्खननात सापडले. त्यांतील मातीच्या पाट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वाचीत असता जॉर्ज स्मिथ या विद्वानास जलप्रलयाची कथा आढळली, आणि 3 डिसेंबर 1872 रोजी त्याने ती एका सभेत जाहीर केली. हा भाग म्हणजे गिल्गमेश महाकाव्याची अकरावी पाटी होय.

उरुक नगरीचा राजा गिल्गमेश हा आपला जिवलग मित्र एंकिडू मरण पावल्यावर मृत्यूच्या भयाने व्याकुळ होतो आणि अमरत्वाच्या शोधात निघतो. पृथ्वीच्या टोकाला त्याला उत्नपिष्टिम भेटतो. तो सांगतो की देवांनी पूर आणण्याचे ठरवले. परंतु इया देवाने कुडाच्या भिंतीशी बोलल्याचे निमित्त करून मला नाव बांधण्यास सुचवले. सहा दिवस व सात रात्री वादळ झाले. नाव पर्वतावर टेकली. मी प्रथम पारवा, मग पाकोळी, मग कावळा सोडला. कावळा परतला नाही, तेव्हा भूमी उघडी पडल्याचे कळले. मी बळी अर्पण केला. त्याच्या वासाने भुकेले देव माशांच्या थव्यासारखे जमले. पुढे मला अमरत्व मिळाले.

याहूनही जुनी अत्रहसिसची कथा ख्रिस्तपूर्व सतराव्या शतकातील पाट्यांवर मिळते. तीत मानवांच्या गोंगाटाने झोपमोड झाल्यामुळे देव पूर आणतात. 2014 साली आयर्व्हिंग फिंकेल या विद्वानाने प्रसिद्ध केलेल्या आणखी एका प्राचीन पाटीत तर नाव गोल सांगितली आहे. तुंगभद्रेवर चालणारी टोपलीसारखी गोल नाव ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे ती सहज उभी राहील.

यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या उत्पत्ति-ग्रंथात नोहाची कथा आहे. पृथ्वी हिंसेने भरली म्हणून परमेश्वर पूर आणतो व धर्मशील नोहाला वाचवतो. 300 हात लांब, 50 हात रुंद व 30 हात उंच तारू, 40 दिवसांचा पाऊस, अराराट पर्वत, कावळा व पारवा, आणि शेवटी ‘पुन्हा असा पूर आणणार नाही’ या वचनाची खूण म्हणून इंद्रधनुष्य. कुराणातही नूह पैगंबराचा वृत्तांत असून तेथे नौका जूदी पर्वतावर टेकते. ग्रीकांच्या कथेत ड्यूकालियन व पिर्रा हे दांपत्य वाचते आणि त्यांनी पाठीमागे टाकलेल्या दगडांतून नवी माणसे उभी राहतात.

साम्य आणि भेद

तुलना करताना आपण सत्याला भिऊ नये. लेखनाचा पुरावा पाहिला तर मेसोपोटेमियाच्या पाट्या शतपथाहून पुष्कळ जुन्या आहेत. हे नाकारण्याने धर्माची सेवा होत नाही. उत्नपिष्टिम आणि नोहा यांच्या कथांचे नाते तर उघड आहे. पक्षी सोडण्याचा प्रसंग, पर्वत, अर्पण, अर्पणाचा सुवास, सारे तेथे पाठोपाठ येते. परंतु मनूच्या कथेत पक्षी नाहीत. शतपथात पशूंच्या जोड्या नाहीत, कुटुंब नाही, मापे दिलेली नौका नाही. आणि वाचवणारा मासा तिकडच्या कथांत नाही. एकाच मुळातून सर्व कथा निघाल्या की नद्यांच्या काठी राहणाऱ्या लोकांनी आपापला पूर स्मरणात ठेवला, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

वडिलांचा राग आणि मुलाची शंका या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत होती, की जी कथा आधीची ती खरी आणि जी नंतरची ती हलकी. ही समजूतच चुकीची आहे. कथेचे मोल तिच्या वयात नसते. ती पूर ओसरल्यावर माणसाला कोठे नेऊन पोचवते यात असते. म्हणून पूर ओसरल्यानंतर त्या त्या कथेत काय घडते ते पाहू.

नोहाच्या कथेत ईश्वराचे अभयवचन मिळते. भक्ताला तो मोठाच आधार आहे. गिल्गमेशाची कथा अधिक विषण्ण आहे. उत्नपिष्टिम त्याला म्हणतो, मृत्यूला जिंकायचे तर आधी सहा दिवस आणि सात रात्री झोपेला जिंकून दाखव. गिल्गमेश बसतो आणि तत्क्षणी झोपी जातो. पुढे यौवन परत देणारी वनस्पती त्याला मिळते, तीही वाटेत सर्प पळवतो. रित्या हाताने परत येऊन तो आपल्या नगरीच्या तटाकडे बोट दाखवतो. माणूस मरणारच आणि त्याचे कर्तृत्व तेवढे उरणार, हे त्या प्राचीन कवीने निर्भयपणे सांगितले. त्याला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? आपणही रोज तसेच झोपी जातो.

शतपथात मात्र पुराहून पुराच्या आधीचे आणि नंतरचे कृत्य मोठे आहे. आधी मनूने एका दुर्बळ जीवाला आश्रय दिला. लक्षात घ्या, त्या वेळी तो मासा देव आहे हे त्याला ठाऊक नव्हते. शतपथात तर तो देव असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. मोठ्याने लहानाला गिळावे, यालाच पुढे ‘मात्स्यन्याय’ म्हणू लागले. आणि त्या न्यायाने पीडलेल्या प्रजेने वैवस्वत मनूलाच राजा केले, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. ज्याने एका माशाला मात्स्यन्यायातून सोडवले, त्याच्याच हाती प्रजा सोपवली गेली, हा योग चिंतन करण्याजोगा आहे.

नंतरचे कृत्य म्हणजे यज्ञ. एकटा उरलेला मनू हतबल होऊन बसला नाही. त्याने पाण्यातच तूप, दही आदींची आहुती दिली. वर्षाने त्यातून इडा नावाची कन्या प्रकट झाली. ती मनूला म्हणाली, ‘मी आशीर्वाद आहे, यज्ञात माझा विनियोग कर.’ तिच्यासह यजन करून मनूने ही प्रजा निर्माण केली. दर्शपूर्णमास इष्टीत ऋत्विज व यजमान जो हविर्भाग मिळून भक्षण करतात, त्याचे नाव ‘इडा’. आणि शतपथात ही सारी पूरकथा त्या भागाचे रहस्य सांगण्यासाठी आली आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान सांगतात की प्रजा यज्ञासह उत्पन्न झाली, यज्ञशेष भक्षण करणारे पापमुक्त होतात आणि केवळ स्वतःसाठी शिजवणारे पापच खातात. मनूची कथा डोळ्यांपुढे ठेवून तो उपदेश वाचला म्हणजे त्याची मुळे किती खोल आहेत हे कळते. मानवकुळ पुन्हा उभे राहिले ते वाटून खाल्लेल्या अन्नावर.

गीतेचा इशारा

आता चौथ्या अध्यायाकडे वळू. भगवान म्हणतात, हा अव्यय योग मी विवस्वानाला सांगितला, विवस्वानाने मनूला, मनूने इक्ष्वाकूला. अशा परंपरेने राजर्षींनी तो जाणला. परंतु दीर्घ काळ लोटल्याने तो या लोकी नष्ट झाला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. परंपरेच्या मध्यभागी जो मनू आहे, तो महापुरातून आलेला. ज्या पुराने सर्व प्रजा वाहून नेली त्याला हा योग बुडवता आला नाही. मनूकडून तो इक्ष्वाकूपर्यंत सुखरूप पोचला. मग तो लोपला कशाने? काळाने, असे भगवान सांगतात. तेथे वादळ नाही, शत्रू नाही, वेद चोरणारा हयग्रीव नाही. एका पिढीने पुढच्या पिढीला सांगण्यात थोडी कसूर केली, पुढचीने आणखी थोडी. पुराचा गाजावाजा होतो, म्हणून माणूस नौका बांधतो. विस्मरणाला आवाज नसतो, म्हणून त्याच्यासाठी कोणी नौका बांधीत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या घरचे संकट कोणते, ते यावरून कळेल. बाबिलोनच्या पाट्यांनी त्या घरातील श्रद्धेला धक्का लागला नव्हता. वडिलांनी मुलाजवळ बसून मनूची कथा कधी सांगितलीच नव्हती, हे खरे संकट होते. मुलाला ती प्रथम भेटली ती परक्या कथेची जोडकथा म्हणून. मी हे वडिलांना एकांतात बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मलाही ती कोणी सांगितली नव्हती.” पुढील निरूपणास पितापुत्र एक पोथी मध्ये ठेवून बसले होते.

गृहस्थाने या अभ्यासातून तीन गोष्टी आचरणात आणाव्यात. पहिली, आपल्या आश्रयास आलेल्या दुर्बळाला, मग तो नोकर असो, मुका प्राणी असो की निराधार आप्त असो, फळाचा हिशोब न करता सांभाळावे. दुसरी, घरातील अन्न वाटून खावे. तिसरी, आठवड्यातून एक दिवस तरी मुलांना जवळ घेऊन एक कथा अर्थासह सांगावी, त्यांच्या शंका रागावल्यावाचून ऐकाव्यात. आणि इतर लोकांच्या कथाही आदराने वाचाव्यात, कारण तेही त्याच भयातून वाचलेल्या माणसांचे वंशज आहेत.

भागवतात नौकेत उपदेश झाला, कुरुक्षेत्रावर रथात झाला. आपल्या वाट्याला घरातली ओसरी आली आहे. उद्या सकाळी संकल्पासाठी हातात उदक घ्याल आणि वैवस्वत मनूचे नाव उच्चाराल, तेव्हा अशाच ओंजळभर पाण्यात एक मासा आला होता, हे स्मरावे. आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ते सांगावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥