माळरानाची साक्ष

नाशिकच्या पश्चिमेस इगतपुरी आणि पूर्वेस येवले, ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातील. परंतु पावसाने त्यांना सारखे वागविलेले नाही. इगतपुरीवर वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो; येवल्याच्या वाट्यास जेमतेम ५००-६०० मिलिमीटर येतो. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होऊन पुढे सरकतात आणि सिन्नर, येवले, नांदगाव या बाजूस वृक्षांची दाटी विरळ होत होत अखेर गवताचे राज्य सुरू होते. येवले तालुक्यातील ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप आजही चरताना दिसतात.

अशा भूमीस लोक ‘पडीक’ म्हणतात. सरकारी दप्तरांतही ती पुष्कळदा त्याच नावाने नोंदली जाते. येथे पूर्वी घनदाट अरण्य होते, कुऱ्हाडीने आणि गुरांनी ते नाहीसे केले, अशी समजूत रूढ आहे. आणि म्हणूनच माळावर खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म मानले जाते. परंतु ही समजूतच खोटी असेल तर? तर ज्या गवतावर काळवीट, लांडगा आणि धनगराची मेंढरे जगतात, त्या गवताचाच आपण सद्‌हेतूने नाश करीत आहो, असे होईल. तेव्हा माळ हा अरण्याचा अवशेष आहे की मूळचाच माळ आहे, हा प्रश्न केवळ पंडितांचा राहत नाही.

त्याचे उत्तर शोधणे मात्र कठीण. जुन्या सागाच्या बुंध्यातील वलये मोजून त्याचे वय सांगता येते. गवत दरवर्षी वाळते आणि मागे असा काही लेख ठेवीत नाही. तृणभूमीचा अभ्यासक जमिनीवर एक चौरस मीटरची चौकट ठेवतो आणि तिच्यातील एकूण एक रोप ओळखून मोजतो. काम कंटाळवाणे खरे, पण त्यावाचून गत्यंतर नाही. पवन्या आणि मारवेल ही गवते भरपूर आढळली तर माळ निरोगी आहे असे समजावे. चराई अति झाली की त्यांच्या जागी कुसळी पसरते. परंतु चौकटीतून आजची स्थिती कळते, सातशे वर्षांपूर्वीची नव्हे.

डॉ. आशिष नेर्लेकर हे याच विषयाचे अभ्यासक. जोसेफ वेल्डमन यांच्यासह २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी जगभरातील अभ्यास पडताळून असे दाखविले, की मोडलेल्या जुन्या तृणभूमीस आपली वनस्पतींची विविधता परत मिळवावयास निदान एक शतक, कित्येकदा त्याहूनही पुष्कळ अधिक काळ लागतो. पीएच. डी. ही पदवी मिळाल्यानंतरही संशोधकाची उमेदवारी संपत नाही. एखाद्या विद्यापीठात काही वर्षे राहून तो आपला प्रश्न आपणच निवडावयास आणि सोडवावयास शिकतो. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात असताना नेर्लेकरांनी पुण्याचे संशोधक दिग्विजय पाटील यांच्या साहाय्याने एक अनपेक्षित साधन हाती घेतले. ते साधन म्हणजे आपले मराठी वाङ्मय!

तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या कथा, काव्ये आणि लोकगीते त्यांनी वनस्पतींच्या नावांसाठी वाचून काढली. युक्ती साधी आहे. हिवर आणि बाभूळ यांसारख्या झाडांना दाट सावली सोसत नाही. त्यांना मोकळे ऊन हवे. जुन्या ग्रंथात एखाद्या ठिकाणी अशा झाडांचा उल्लेख आला, तर तेथे त्या काळी मोकळे आकाश असले पाहिजे. अर्थात कवी हा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. वृत्तात बसते म्हणूनही तो एखाद्या वृक्षाचे नाव घालील. म्हणून जे उल्लेख विशिष्ट स्थळाशी निश्चित जोडता येतात, त्यांवर या संशोधकांनी भर दिला आणि इतर पुराव्यांशी ते ताडून पाहिले.

२०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. विरळ झाडीच्या माळाचे २८ स्थळनिश्चित उल्लेख आणि ४४ रानटी वनस्पतींची नावे त्यांना सापडली. त्यांपैकी २७ वनस्पती माळावरच वाढणाऱ्या, १४ कोठेही रुजणाऱ्या. दाट अरण्याची खूण म्हणाव्यात अशा अवघ्या ३. इंग्रजांची आगगाडी आणि तिच्यासाठी झालेली लाकूडतोड यांच्या कितीतरी शतके आधी येथील गुराखी गवताच्या माळावरच गुरे वळीत होते.