नदीत बुडवलेला फेलिक्स आणि धमतरीची पोरं



आठवीच्या इतिहासात धर्मसुधारणा चळवळ चार ओळींत उरकते. मार्टिन ल्यूथर आला, पोपशी भांडला, प्रोटेस्टंट पंथ निघाला, झालं! मीही बरीच वर्षं तेवढंच शिकवत होतो. यंदा त्यात एक गोष्ट जोडली, कारण ती फिरत फिरत आपल्या वऱ्हाडाच्या उंबऱ्यापर्यंत येते. कुणाला वर्गात घ्यायची असेल तर उपयोगी पडेल, म्हणून इथे देतोय.

स्वित्झर्लंडमधलं झुरिक शहर, 21 जानेवारी 1525. फेलिक्स मांझ नावाच्या तरुणाच्या घरी काही मंडळी रात्री जमली. त्या काळी मूल जन्मलं की लगेच त्याचा बाप्तिस्मा करायचा, असा कायदाच होता. या मंडळींचं म्हणणं साधं होतं. तान्ह्या बाळाला काय कळतं? धर्म ही ज्याची त्याने समजून-उमजून स्वीकारायची गोष्ट आहे. म्हणून त्या रात्री त्यांनी मोठेपणी एकमेकांचा नव्याने बाप्तिस्मा केला. लोक त्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हणू लागले, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा करणारे. ते नाव चिडवण्याचंच होतं. 5 जानेवारी 1527 रोजी फेलिक्सला लिमात नदीत बुडवून मारलं. हुकूम पोपचा नव्हता. पोपपासून फुटलेल्या सुधारकांच्या शहरानेच तो दिला होता.

वर्गात मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “पण काहून बुडवलं जी सर? त्यानं कोणाचं काय बिघडवलं होतं?” उत्तर सांगायला मला अर्धा तास लागला. जन्मनोंद, धर्म आणि राज्य तिन्ही एकाच दोरीत बांधलेले होते. बाळाचा बाप्तिस्मा नाकारणं म्हणजे राज्याचा अंमल नाकारणं. शिवाय ही माणसं शस्त्र धरायला आणि शपथ घ्यायलाही नकार देत. राज्यकर्त्याला असा माणूस चोरापेक्षा अवघड जातो.

पुढे नेदरलँडमध्ये मेनो सायमन्स नावाच्या धर्मगुरूने 1536 मध्ये कॅथलिक चर्च सोडलं आणि विखुरलेल्या या लोकांना धरून ठेवलं. त्याच्या नावावरून ते ‘मेनोनाइट’ झाले. छळ आणि सैन्यभरती टाळत ते प्रशिया, रशिया, अमेरिका असे हलत राहिले. बहुतेक शेतकरीच. जिथे गेले तिथे जमीन कसली.

आता आपला भाग. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावू नका, जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा लावा. 1903 पासून 1956 पर्यंत अकोला, अमरावती आणि आज छत्तीसगडात असलेली धमतरी, चांपा ही गावं एकाच प्रांतकारभाराखाली होती, राजधानी नागपूर. पोरांना हे खरंच वाटत नाही.

1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ या पट्ट्याने पाहिले. दुसऱ्याने तर वऱ्हाडही होरपळला. पहिल्याच दुष्काळात जॉर्ज लॅम्बर्ट हा अमेरिकन मेनोनाइट इथे फिरला आणि परत जाऊन त्याने पुस्तक लिहिलं. तिकडच्या शेतकऱ्यांनी धान्य-पैसा जमवला. 1899 मध्ये जेकब रेसलर आणि डॉक्टर विल्यम पेज व त्यांची पत्नी ॲलिस असे तिघे आले आणि धमतरीला थांबले. आल्या आल्या दुष्काळच समोर. धर्म सांगण्याआधी अन्न वाटावं लागलं आणि शेकडो अनाथ मुलं पदरात आली. चांपाला पेनर यांनी 1902 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभारला. (आपल्याकडे कोठारा आणि दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या कामाची किंमत सांगायला नको.)

हा पाठ झाल्यावर एका पालकाने मला थांबवून विचारलं, “सर, दुष्काळात पोरं घेऊन बाटवलीच ना त्यांनी?” हा प्रश्न टाळू नये असं माझं मत आहे. ज्यांचा जन्मच ‘लेकरावर धर्म लादू नका’ या हट्टातून झाला, त्यांच्याच हाती उपाशी, आईबाप नसलेली शेकडो लेकरं आली. बाळपणी बाप्तिस्मा नाही हा नियम त्यांनी सोडला नाही. पण वसतिगृह त्यांचं, शाळा त्यांची, प्रार्थना त्यांची. मोठं झाल्यावर त्या पोराने ‘हो’ म्हटलं तर ते कितपत मोकळं? मी त्या पालकांना म्हणालो, पोरं जगली हेही खरं आणि तुमचा प्रश्नही खरा. त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न वर्गात ठेवला. किती वय झाल्यावर माणसाने आपलं आपण ठरवावं? बहुतेक जण अठरा म्हणाले. एक पोरगी म्हणाली, “सर, ज्याच्या घरी रोज जेवतो त्याला नाही कसं म्हणायचं?” मी फळ्यावर फक्त तिचं वाक्य लिहिलं आणि तास संपला.

मेनोनाइट मंडळ्या आज मुख्यतः छत्तीसगड आणि तेलंगणात आहेत. आपल्या शेजारी यवतमाळला 1953 पासून जे युनियन बिब्लिकल सेमिनरी होतं (1983 मध्ये ते पुण्याला गेलं) त्यातही त्यांचा सहभाग होता. मराठी मुलखात मात्र त्यांचे चुलतभाऊ भेटतात, चर्च ऑफ द ब्रेदरन. 1708 मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाऊ गावी आठ जणांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन हा पंथ सुरू केला. त्यांचे विल्बर स्टोव्हर 1894 मध्ये भारतात आले. वलसाडपासून सुरुवात झाली, मग डहाणू आणि पालघरकडे काम पसरलं. डहाणूला दवाखाना निघाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं कोसबाड याच तालुक्यातलं, हे बालवाडीवाल्या भगिनींना सांगायला नकोच.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ब्रेदरनही होते. या नव्या चर्चने बाळाचा आणि मोठ्याचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले. ज्या मुद्द्यावर फेलिक्सला बुडवलं तो मुद्दा इथे टेबलावर बसून सुटला. सगळं गोड झालं असं मात्र नाही. गुजरातेतल्या काही ब्रेदरन मंडळींनी विलीनीकरणच मानलं नाही. मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला.

वर्गात घेताना दोन तासिका ठेवा. झुरिक एका तासात होतं. नकाशा आणि दुष्काळ दुसऱ्या तासाला घ्या. घरी आजी-आजोबांकडून दुष्काळाची ऐकीव गोष्ट विचारून आणायला सांगा. माझ्या वर्गात अकरा पोरांनी आणली, त्यातल्या सात गोष्टी 1972 च्या निघाल्या, मिलो आणि सुकडीच्या.