ऑनलाइन बुद्धिबळ व खिलाडू वृत्ती : एका पाठाचे टाचण

हेतू : पंच जवळ नसता आणि प्रतिस्पर्धी दिसत नसताही न्यायाने खेळण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे.

पूर्वज्ञान : खोखोचे मैदान, पंचाची शिट्टी व फाऊल ही धाराशिव जिल्ह्यातील मुलांच्या परिचयाची आहेत. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे याच जिल्ह्यातील. ऑनलाइन बुद्धिबळात मात्र बरेचसे पंचाचे काम खेळाडूच्या मनासच करावे लागते.

विषयप्रतिपादन : ऑगस्ट २०२० मध्ये, महामारीमुळे, बुद्धिबळाचे ऑलिंपियाड ऑनलाइन भरले. भारतीय संघाचे नेतृत्व नाशिकचे विदित गुजराथी यांजकडे होते. संघात नागपूरच्या दिव्या देशमुख होत्या. अशा खेळात संपर्क तुटला तरी खेळाडूचे घड्याळ चालूच राहते व वेळ संपताच डाव जातो. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यान यांचा निहाल सरीनविरुद्धचा डाव असाच गेला. आपल्याकडील इंटरनेट चालू होते, ही आर्मेनियाची तक्रार फेटाळण्यात आली. तो संघ स्पर्धा सोडून गेला आणि भारत पुढे सरकला. ३० ऑगस्ट रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तीच आपत्ती भारतावर आली. निहाल व दिव्या यांचे डाव संपर्क तुटल्याने गेले. या वेळचा बिघाड अनेक देशांतील इंटरनेटचा होता. भारताने दाद मागितली. तेव्हा जागतिक संघटनेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांस सुवर्णपदक दिले.

प्रश्न : दोन्ही तक्रारींत साम्य कोणते? भेद कोणता? शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. भारतास पदक मिळाले एवढ्यावरच वर्ग संतुष्ट झाला, तर पाठ अपुरा राहिला असे समजावे. आपल्या आपत्तीस जो न्याय मागावयाचा, तोच प्रतिस्पर्ध्याच्या आपत्तीसही द्यावयाचा, हे मुलांच्या मुखातून यावे.

कृती : दुसऱ्या शाळेशी मोबाइलवर सामना ठरवावा. रेंज गेल्यास डाव पुन्हा मांडावयाचा की गेला असे धरावयाचे, हे दोन्ही वर्गांनी खेळापूर्वीच लिहून ठेवावे. आरंभी नमस्कार कळवावा. यंत्रास वा शेजाऱ्यास चाल विचारू नये. हार दिसताच घड्याळ चालू ठेवून प्रतिस्पर्ध्यास तिष्ठत ठेवणे किंवा मुद्दाम संपर्क तोडणे हा पळपुटेपणा होय. डाव सोडल्याचे सांगून अभिनंदन करावे.

मूल्यमापन : समोरच्या शाळेची रेंज गेली असता मुले काय बोलतात, ते शिक्षकांनी लक्षपूर्वक ऐकावे. पाठाची खरी कसोटी तेथेच लागते.