छायाचित्रातली कचेरी

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

मु. कपिलधार, जि. बीड

चि. पुतणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा छायाचित्रणाचा आराखडा, दोन्ही पावले. पुण्याच्या एका वस्त्रव्यावसायिकाने कार्यालयीन पोशाखांच्या छायाचित्रणाचे एवढे काम तुझ्यावर सोपविले याचा आनंद आहेच. परंतु ज्याचा उभा जन्म बीडमधल्या फोटो स्टुडिओत गेला त्या काकाकडे तू आराखडा अभिप्रायार्थ धाडलास, तेव्हा केवळ शाबासकीची अपेक्षा तुला नसणार, असे गृहीत धरून लिहितो.

आराखड्यातले शेवटचे कलम प्रथम खोडतो. कपिलधारेच्या धबधब्याखाली, खडकावर, कोट घातलेली आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली मुलगी तुला हवी आहे. श्रावणात बालाघाटच्या कड्यावरून ही धार भरात कोसळते, तेव्हा ते दृश्य कॅमेऱ्यास मोह घालणारे असते हे मी नाकारीत नाही. पण हे तीर्थ आहे, इथे मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि स्नान करून ओलेत्याने दर्शनास निघालेल्या बायामाणसांच्या मध्ये परीटघडीच्या कोटातली मुलगी उभी केलीस, तर संकोच तिलाही होईल आणि त्यांनाही. शिवाय, धबधब्याखाली कोणी कचेरी भरवीत नाही. चमत्कृती आणि सौंदर्य यांत फरक करण्याची सवय या धंद्यात जितक्या लवकर लागेल तितके बरे.

आता मूळ मुद्दा. तुझ्या तक्त्यात एका चित्रात मुलगी टेबलाला टेकून उभी आहे, एकात ती खिडकीतून दूर कुठे तरी पाहते आहे, आणि एकात फाइल छातीशी कवटाळून हसते आहे. कोणत्या कचेरीत कोण असे करते? तू कचेरी हा पडदा समजलीस, आणि पडद्यापुढे मुलगी उभी केलीस. वास्तविक कचेरी म्हणजे तिथे चाललेले काम, आणि ते काम त्या मुलीच्या हाती दिल्यावाचून तिच्या अंगावरचे कपडे कार्यालयीन दिसणार नाहीत, मग त्यांची किंमत कितीही असो. माझ्या स्टुडिओत सेवापुस्तकाच्या फोटोसाठी कारकून, तलाठी, शिक्षक येत, आणि स्टुलावर बसताच भले भले गडी ताठून जात. अशा वेळी मी तलाठ्यास यंदाच्या पीकपाहणीविषयी काही विचारी. तो बोटांच्या पेरांवर गावे मोजू लागला की मान सैल पडे, डोळ्यांत त्याची नेहमीची हुशारी परत येई, आणि तेवढ्यात मी बटण दाबी. तुझ्या मॉडेलला हेच कर. तिला खरोखरच एक पत्र लिहायला दे, त्यातला मजकूर खोडायला लाव. तुंबलेल्या फाइलींची चवड लावून त्यांच्या नाड्या बांधायला सांग. फोनवर कोणाकडून तरी थकलेले बिल मागायला लाव, आणि पलीकडे तुझ्या मदतनिसास बसवून त्याला टोलवाटोलवी करू दे. चिडलेल्या बाईच्या खांद्यावर कोट कसा बसतो, ते एकदा पाहाच.

सामानसुमानही असेच खरे असावे. टेबलावरची जाड काच आणि तिच्याखाली दडपलेली भेटपत्रे, सुट्ट्यांची यादी, एखाद्या देवाची तसबीर. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवरचा टर्किश टॉवेल. शाईने निळी पडलेली शिक्क्याची गादी. या वस्तू फॅशनच्या शत्रू नाहीत. त्यांच्या शेजारी उत्तम बेतलेला, नेटका शिवलेला पोशाख अधिक उठून दिसतो. पांढऱ्या भिंतीपाशी तो दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावर असल्यासारखा वाटतो.

होमाई व्यारावाला यांचे नाव तू ऐकले असशील. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई पुढे दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून वावरल्या, त्या साडी नेसून आणि अवजड कॅमेरा सांभाळून. कामावर निघालेल्या स्त्रीचा पोशाख कसा असावा याचे त्याहून बोलके उदाहरण मला सुचत नाही, कारण त्या पोशाखाला वाकायचे, धावायचे आणि गर्दीतही आब राखायचा होता. तुझ्या पोशाखांच्या यादीत साडी एकही नाही, हे मला खटकले. आपल्या राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी परिपत्रक काढले, जीन्स आणि टी-शर्ट नको म्हटले, स्लिपर नको म्हटले, शुक्रवारी खादी वापरावी असे सुचविले. ते पटो वा न पटो, पण महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत माणसे कशावरून वाद घालतात हे त्यातून कळते. त्या कापडवाल्यास विचार, त्याच्याकडे खादीचा किंवा हातमागाचा एखादा कोट आहे का. सुती आणि लिननच्या कपड्यांना बसताक्षणी चुण्या पडतात, तेव्हा त्या पोशाखातली उभी चित्रे आधी घे आणि बसलेली मागून. इस्त्री तापलेली ठेव. बारीक रेघांचे आणि बारीक चौकटींचे कापड डिजिटल कॅमेऱ्यात कधी कधी नसलेली नक्षी दाखविते. त्याची चाचणी आदल्या दिवशीच व्हावी. कोट पाठीमागून चिमट्यांनी आवळण्याची युक्ती तुला ठाऊक आहेच, पण मागे काचेचे कपाट असेल तर ते चिमटे त्यात दिसतात.

प्रकाशाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कचेरीत घात होतो तो इथे. छताला ट्यूबलाइट, कोपऱ्यात पिवळा दिवा, बाजूला खिडकी, असे तीन जातींचे तीन उजेड एका चेहऱ्यावर पडले की एक गाल हिरवट, दुसरा पिवळट आणि नाक निळसर होते, आणि मग संगणकावर कितीही झटलीस तरी त्वचा जागेवर येत नाही. म्हणून एकच धनी ठरव. खिडकी उत्तरेची असेल तर बाकीचे दिवे खुशाल मालवून टाक आणि समोरून एक पांढरा पुठ्ठा धर. ट्यूबलाइट ठेवणे भागच असेल, तर आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, आणि दिवा त्यामुळे सेकंदात १०० वेळा मंद होतो, हे ध्यानात धरून शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेव. त्याहून जलद गेलीस की चित्रात काळसर पट्टे उमटण्याचा संभव. टेबलावरच्या त्या काचेचे मी कौतुक केले खरे, पण छतावरचा उजेड ती उलटा हनुवटीखाली फेकते. मुलगी वाकून लिहीत असेल तेव्हा काचेवर एखादी उघडी नोंदवही पसरून दे. काचेच्या दालनांत कॅमेरा स्वतःलाच पाहतो, तेव्हा तिरके उभे राहा आणि काळे कापड जवळ ठेव.

आता त्या मुलीविषयी. आपला बीड जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांकरिता निराळा स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला, म्हणजे छायाचित्र काढणारीही स्त्रीच. काळ पालटला, पडदा गेला. पण कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्या स्त्रीस निर्धास्त वाटले पाहिजे, ही त्यामागची समज आजही तितकीच लागू आहे. पोशाख बदलण्यास आतून कडी लागणारी खोली, सोबतीस तिच्या पसंतीची एक व्यक्ती, वेळेवर जेवण, आणि खोलीत अनावश्यक पुरुष एकही नाही, एवढा बंदोबस्त आधी कर आणि मग लेन्स पूस. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी लिंटास या जाहिरातसंस्थेत बरीच वर्षे नोकरी केली आणि पुढे नामांकितांची जी चित्रे काढली, त्यांत प्रकाशयोजना अप्रतिम आहे हे खरे. पण त्या चेहऱ्यांवरचा मोकळेपणा दिव्यांनी आणलेला नव्हे.

कागदपत्रांत हयगय नको. मुलीशी करारनामा लेखी असावा, त्यात चित्रे कुठे, किती मुदतीपर्यंत वापरली जातील आणि ठरल्याहून अधिक वेळ लागल्यास मोबदला किती, हे तपशीलवार लिहावे. त्या कापडवाल्याशीही तसेच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले आणि उलट करार नसला, तर पहिला मालक तो काढवून घेणारा ठरतो. तुला ही चित्रे स्वतःच्या संग्रहात दाखवायची असतील तर तसे कलम आधीच घाल. इसार घेतल्याशिवाय एकही पोशाख भाड्याने आणू नकोस.

ज्या कचेरीत रविवारी छायाचित्रण ठरले आहे, तिथल्या टेबलांवरचे खरे कागद आणि संगणकाचे पडदे चित्रात येऊ देऊ नकोस. ती माणसांची गुपिते आहेत. आणि रविवारी लिफ्ट चालू असते का, वातानुकूलनाची किल्ली कोणाकडे असते आणि पहारेकरी किती वाजता जेवायला जातो, याची चौकशी आठवडाभर आधी प्रत्यक्ष जाऊन कर. फोनवर सगळेच हो म्हणतात.

सुधारलेला आराखडा पाठव. काकूचे आशीर्वाद.

तुझा,
काका